बाराला एक

एस्पेरान्सा कुवेतहून परतली नव्वद साली,
एक बॅग, दोन स्वेटर, आणि एक पत्ता
अरबी अक्षरांत, जो चोडणात कुणालाच वाचता येईना.
पत्ता सुहैलाचा. दोघी एकाच दवाखान्यात,
एकाच पाळीला चादरी बदलत होत्या.
युद्ध आलं तेव्हा ही इकडे उतरली, ती तिकडे,
पॅलेस्टाईनमधल्या आईच्या गावी,
जिथं बायकांची एक जुनी संस्था आहे,
इतकी जुनी, की तिच्या पहिल्या पावतीवरचं सरकार
आता कुठंच नाही.

त्या बायका भरतकाम विकतात. त्यातून
कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, बहिऱ्या पोरांची शाळा.
दया नाही गो ती, एस्पेरान्सा म्हणायची,
हिशेब. दर टाक्याला एक आकडा.

मग तिनं इथं खोली उघडली
पंचायतीमागे, मिठाच्या जुन्या कोठारात.
भिंती अजून खारट आहेत, कॅलिपरची बकलं गंजतात.
मी तेव्हा एकोणीसची, उजवा पाय पोलिओचा,
पाढे पाठ होते म्हणून वही माझ्याकडे आली.

पहिलं काम दाराला उतार.
तीन पायऱ्यांना कशाला एवढा चिरा, म्हणत
सुबराय गवंड्यानं घसरगुंडी बांधली.
रुफिनची खुर्ची सुटली ती थेट कुंपणाच्या निवडुंगात,
तो हसत सुटला, म्हणून आम्हीही हसलो.
एस्पेरान्सा हसली नाही. तिनं पत्र लिहिलं.

उत्तराला अकरा महिने लागले.
पाकीट फाडून पुन्हा चिकटवलेलं.
आत संचारबंदीबद्दल एक ओळ नाही.
एवढंच: बाराला एक.
एक वीत चढायचं तर बारा विती चालायचं,
घाईतल्या गवंड्याचं ऐकू नये.
सोबत भरतकामाचा लाल दोरा,
विती-वितीवर गाठ.

सुबरायनं कुरकुरत सगळं फोडलं, पुन्हा बांधलं.
अर्धं अंगण त्या उतारानं खाल्लं,
एक फणसही गेला.

त्याच दोऱ्यानं मग आम्ही बेट मोजलं.
देऊळ, इगर्ज, रेशनचं दुकान, बँक,
कुठंच बाराला एक नव्हतं.
फक्त फेरीबोट. भरतीला तिची फळी
अलगद धक्क्याला टेकते, चाक आपसूक आत.
ओहोटीला मात्र उभी, सहाला एक.
म्हणून आमच्या भिंतीवर देवांच्याही वर
भरती-ओहोटीचं कोष्टक.
पणजीच्या डॉक्टरची वेळ चंद्राला विचारून घ्यायची.

सुहैलाला हे फार आवडलं. तिनं लिहिलं,
आमच्या वाटेवर लोखंडी फिरतं दार आहे,
माणूस जातो, खुर्ची जात नाही.
आम्ही खुर्ची वरून देतो, माणसाला कडेवर घेतो.
तुमच्यासारखं कोष्टक आम्हाला कुणी देत नाही.

एस्पेरान्सा जाऊन सहा वर्षं झाली.
पत्रं आता मी लिहिते,
रुफिनची मुलगी ती इंग्रजीत उतरवते.
गेल्या वर्षापासून उत्तर नाही.
वहीतल्या त्या रकान्यात मी शून्य घालत नाही,
मोकळा ठेवते.

परवा शाळेचा उतार मोजायला दोरा काढला.
दामूनं हातात घेतला. त्याला दिसत नाही,
वेताच्या खुर्च्या विणतो तो.
म्हणाला, गाठी तेरा आहेत.
तीस वर्षं बारा मोजतेय मी, म्हटलं.
त्यानं परत चाचपलं. सातवी नि आठवीच्या मधे
ही बघ, बारकी. दुसऱ्या हाताची.
दोरा वाटेत तुटलाय, कुणीतरी जोडलाय.

कुणी, ते कळायला मार्ग नाही.
सुहैलानं, की पाकीट फाडणाऱ्यानं,
की टपालातल्या कुणा कंटाळलेल्या माणसानं.
गाठीत बोटभर दोरा जातोच,
म्हणजे आमचा प्रत्येक उतार बोटभर आखूड.

मी वहीत नोंद केली.
सुबरायच्या नातवाला सांगितलं,
बोटभर सोडून धर.